मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?



मागच्या अंकात मी तुम्हाला एक कोडं घातलं होतं. पाण्यातून येतं, उन्हात वाळतं, पुन्हा पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं. कमी पडलं तर सगळे नावं ठेवतात, जास्त झालं तर ताट सरकवतात. ओळखा पाहू कोण?

बहुतेकांनी बरोबर ओळखलं. मीठ! एका दोस्ताने मात्र 'साखर' असं उत्तर पाठवलंय. अरे बाळा, साखर जास्त झाली म्हणून ताट सरकवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे!

आपल्या बोलण्यात मीठ किती आहे पाहा. प्रामाणिक माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. चहाडखोर मीठ-मिरची लावून सांगतो. दुःखी माणसाला टोचून बोलणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. बाळाला दृष्ट लागली की आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते. आणि गरिबाघरचं जेवण म्हणजे मीठ-भाकर. इतका मान आपण दुसऱ्या कुठल्याच पदार्थाला दिलेला नाही.

पण आज मी याच मिठाची एक तक्रार घेऊन आले आहे. तक्रार तशी मिठाची नाही, आपल्या हाताची आहे. आधी माझ्या घरची गोष्ट सांगते.

माझं माहेर तलवाड्यापासून जवळच, गोदाकाठच्या एका गावात. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, शेतकरी. अंगानं काटक. उभ्या आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. काही वर्षांपूर्वी गावात तपासणीचं शिबिर होतं. तिथं त्यांचा रक्तदाब १७०/१०० निघाला. डॉक्टरांनी रोज एक गोळी घ्यायला सांगितली, मीठ आणि तंबाखू कमी करा म्हणाले. आप्पांनी तीन महिने गोळी घेतली आणि मग सोडून दिली. मी विचारलं तर म्हणाले, "मला काय झालंय गं? डोकं दुखत न्हाई, चक्कर येत न्हाई. चांगल्या माणसानं गोळ्या कशाला खायच्या?"

आणि मीठ? ताटाच्या कडेला ठेचा, पापड, लोणचं आणि वर मिठाची चिमूट. आई म्हणायची, "मिठाबिगर घास गोड लागत न्हाई त्यांना." माहेरी गेले की वाढायला मीच असायचे. आणि ती चिमूटही मीच ठेवायचे. शाळेत मुलांना 'संतुलित आहार' शिकवणारी मी!

एका वैशाखात पहाटे आप्पांच्या हातातून चहाची कपबशी निसटली. तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले. शेजारी म्हणाले, "अंगावरून वारं गेलं." कुणी तेल चोळायला सांगितलं, कुणी कुठल्याशा गावी औषध मिळतं म्हणालं. या सांगोपांगीत सकाळ निघून गेली. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. आप्पा वाचले, पण उजव्या हातात आता जोर नाही. सही डाव्या हातानं करतात.

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, मीठ खाल्ल्यानं त्यांना वारं गेलं का?"

चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर नीट द्यायचं तर आधी रक्तदाब म्हणजे काय, ते पाहायला हवं.

नळीतला जोर

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या शेतात ठिबक असेल. मोटर सुरू केली की नळीत पाणी जोरानं धावतं. जोर कमी असेल तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. जोर फार वाढला तर जोड निसटतो, नळी फुटते. आपलं हृदय म्हणजे अशीच एक मोटर. ती मिनिटाला सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसाला एक लाख वेळा ठोका देते. गुणाकार करून पाहा! त्या जोरानं रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतं. रक्ताचा नळ्यांच्या भिंतीवर जो दाब पडतो, तो रक्तदाब.

हा दाब पहिल्यांदा मोजला तो माणसाचा नव्हे, घोडीचा! स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी घोडीच्या रक्तवाहिनीला लांब काचेची उभी नळी जोडली. रक्त नळीत आठ फुटांहून उंच चढलं. हा प्रयोग त्यांनी १७३३ साली छापला. माणसावर असा प्रयोग कोण करू देणार? पुढे १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा तयार केला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोफ यांनी स्टेथोस्कोपनं ठोके ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढायची रीत शोधली. डॉक्टरकाका दंडाला पट्टा बांधून फुस्स-फुस्स हवा भरतात ना, ती हीच रीत.

हृदय आवळतं तेव्हाचा दाब वरचा आकडा, ते सैल पडतं तेव्हाचा खालचा. मोठ्या माणसाचा दाब १२०/८० च्या आसपास असला तर उत्तम. पुन्हा पुन्हा मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो उच्च रक्तदाब. त्वरितादेवीच्या टेकडीवर पळत चढलात तर तुमचाही दाब थोडा वेळ वाढतो आणि विसाव्यानंतर खाली येतो. तो आजार नव्हे. बसून, शांत असतानाही जो उतरत नाही, तो आजार.

आणि हा आजार मुका आहे. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. वाढलेला दाब वर्षानुवर्षं गुपचूप रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडं आणि डोळे झिजवत राहतो. म्हणून आप्पा म्हणत होते ते 'काही दुखत नाही' अगदी खरं होतं. त्यातून त्यांनी काढलेला अर्थ तेवढा चुकला.

मीठ काय करतं?

सलाईनची बाटली पाहिली आहे? त्यात एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ असतं. का बरं? कारण आपल्या रक्तातल्या खारटपणाशी ते जुळतं. हा खारटपणा शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. आता समजा, तुम्ही खारे दाणे, वेफर्स आणि लोणचं भरपूर खाल्लंत. काय होतं? तहान लागते! जास्तीचं मीठ पातळ करायला शरीर पाणी मागतं. ९ ग्रॅम जास्तीच्या मिठाला जवळजवळ एक लिटर पाणी लागणार. म्हणजे नळ्या त्याच, पण आत वाहणारं पाणी वाढलं. दाब वाढणारच.

तरुण, निरोगी मूत्रपिंडं हे जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. पण रोजच ओझं पडत राहिलं, वय वाढलं, की काहींच्या शरीराला ते झेपत नाही. रक्तवाहिन्याही कडक होत जातात. काहींचा दाब मिठानं जास्त चढतो, काहींचा कमी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. एकट्या मिठानं आप्पांना वारं गेलं असं मी म्हणणार नाही. वय होतं, तंबाखू होती, आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळी सोडली होती. पण या सगळ्यात मिठाचाही वाटा असतो. आणि आपल्या हातात सगळ्यात सहज येणारी गोष्ट म्हणजे मीठ. ते तर आपल्याच डब्यात असतं!

मिठासाठी चालले, आणि...

मिठाचं नाव निघालं आणि गांधीजी आठवले नाहीत, असं कसं होईल? १२ मार्च १९३० ला ते साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचललं. मिठावरचा जुलमी कर त्यांना मोडायचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक तुटून पडले. मीठ गरिबाच्या पोटाला लागतं, ते त्याला मिळालंच पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

पण पुढची गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. गांधीजींना स्वतःला उच्च रक्तदाब होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या तब्येतीच्या जुन्या नोंदी छापल्या. १९३७ मध्ये त्यांचा दाब १९४/१३० होता आणि १९४० मध्ये २२०/११०. वजन किती होतं? अवघं ४६.७ किलो! साधं जेवण, रोज मैलोन्‌मैल चालणं. तरीही. म्हणजे 'रक्तदाब जाड्या माणसांना होतो', 'श्रीमंतांना होतो' ही समजूत खोटी. शेतात राबणाऱ्या काटक आप्पांनाही तो होऊ शकतो. मोजल्याशिवाय कळत नाही.

त्या काळी औषधं तरी कुठं होती? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हे जगातले सगळ्यात बलाढ्य पुढारी. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० च्या वर होता. एवढा मोठा माणूस, पण त्यांच्या डॉक्टरांच्या हातात खात्रीची गोळी नव्हती.

मग १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी एक निबंध छापला. सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीच्या मुळीनं रुग्णांचा रक्तदाब उतरतो, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं. निबंध इंग्लंडच्या मासिकात आला आणि जगभरचे डॉक्टर सर्पगंधेकडे वळले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. आता त्याहून चांगल्या, सुरक्षित गोळ्या आल्या आहेत. (म्हणून कुणी आपल्या मनानं सर्पगंधेची मुळी उगाळून घेऊ नका हं! तिचे दुष्परिणामही आहेत.)

विचार करा, मुलांनो. जी गोळी रूझवेल्टना मिळाली नाही, ती आज खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आणि आपण ती फडताळात विसरतो!

पुड्याचं गणित

आता वही-पेन्सिल घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, लोणचं, फरसाण सगळं आलं. लहान मुलांना त्याहूनही कमी पुरतं. आपण किती खातो? २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत मोठ्या माणसांची सरासरी ८ ग्रॅम निघाली. पुरुष ८.९, बाया ७.१.

तुमच्या घरचं कसं काढायचं? सोपं आहे. समजा घरात ५ माणसं आहेत. प्रत्येकी ५ ग्रॅम म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. मग एक किलोचा पुडा किती दिवस पुरावा? १००० भागिले २५. चाळीस दिवस! चार माणसं असतील तर पन्नास दिवस.

मी माझ्या घरच्या पुड्यावर तारीख लिहिली. आम्ही घरात पाच जण. पुडा संपला पंचविसाव्या दिवशी. म्हणजे माणशी दिवसाला ८ ग्रॅम! आणि शेव, बिस्किटं, खारी यांतलं मीठ तर या हिशेबात धरलेलंच नाही. हो, लोणच्याला किंवा वाळवणाला एकदम मीठ काढलं असेल, तर ते वेगळं लिहून ठेवा, नाहीतर गणित चुकेल.

लपलेलं मीठ शोधा

लोणचं, ठेचा, खारे दाणे हे उघड चोर. लपलेले चोर वेगळेच. पापडात मीठ असतं आणि वर पापडखारही. कुरडया, खारोड्या, चिवडा, फरसाण, वेफर्स, झटपट शेवया, सॉस, पाव, खारी, अगदी गोड बिस्किटांतसुद्धा थोडं मीठ किंवा सोडा असतो. उलट ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पाहा. बहुतेक घरांत तिच्या पिठात मीठ घालतच नाहीत. आहे की नाही आपली भाकरी शहाणी?

पाकिटामागे बारीक अक्षरांत 'सोडियम' लिहिलेलं असतं. मिठात खरा दाब वाढवणारा तोच. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. १०० ग्रॅम खाऊत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ झालं २ ग्रॅम. आता दुकानात उभं राहून हे गणित करा. दुकानदारकाका चकित होतील!

"बाई, सैंधव चालतं का?" हा प्रश्न हमखास येतो. सैंधव असो, पादेलोण असो, खडेमीठ असो, सगळ्यांत मुख्य भाग तोच. 'सैंधव आहे' म्हणून दोन चिमटी जास्त घालाल तर काहीच साधणार नाही. शिवाय साध्या सैंधवात सहसा आयोडिन घातलेलं नसतं, आणि आयोडिन तर आपल्याला हवंच. ते नसेल तर गलगंड होतो, बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून आयोडिनचंच मीठ वापरायचं, पण कमी.

मुलांनी करून दाखवलं

तुम्ही म्हणाल, "आमचं घरात कोण ऐकतंय?" तर ऐका. चीनमध्ये चांगझी नावाचं शहर आहे. तिथल्या २८ प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांना मिठाचे धडे दिले आणि सांगितलं, 'घरी जाऊन हे मोठ्यांना शिकवा.' उरलेल्या शाळांत नेहमीचेच तास झाले. एका सत्रानंतर सगळ्यांची लघवी तपासून मीठ मोजलं. धडे घेतलेल्या मुलांच्या घरच्या मोठ्या माणसांचं मीठ, दुसऱ्या शाळांच्या तुलनेत, दिवसाला जवळजवळ ३ ग्रॅमनं कमी झालं होतं! त्यांचा रक्तदाबही थोडा उतरला. २०१५ मध्ये हे निकाल छापून आले. जे काम डॉक्टरांना जमता जमत नाही, ते दहा-अकरा वर्षांच्या पोरांनी केलं. मग तुम्हाला का जमू नये?

या आठवड्याचा गृहपाठ

१. नव्या पुड्यावर तारीख लिहा. दिवस मोजा.

२. जेवताना मिठाचं भांडं ताटाजवळ ठेवायचं नाही. वरून मीठ घ्यायचं नाही. पेरू, काकडी, कैरी एकदा मिठाशिवाय खाऊन पाहा.

३. आईला सांगा, मीठ अंदाजानं नको, चमच्यानं मोजून घाल. पहिल्या आठवड्यात अगदी थोडंच कमी. हळूहळू चौथा हिस्सा कमी करा. लिंबू, चिंच, लसूण, जिरं, कोथिंबीर थोडी वाढवा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते आणि जुनी भाजीच खारट लागते.

४. पापड किंवा लोणचं, दोन्हींपैकी एकच. तेही रोज नको.

५. घरातल्या तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब मोजून घ्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट मोजतात. आशाताईंना विचारा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, आणि मोजताना गप्पा नाहीत!

६. आजी-आजोबांना गोळी चालू असेल तर रोज आठवण करायचं काम तुमचं. कॅलेंडरवर खूण करा. मीठ कमी केलं म्हणून गोळी बंद करायची नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच बदल.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. मीठ आपलं शत्रू नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्यायचं. तिथं मीठ जीव वाचवतं. तिथं ते कमी करू नका, आणि वाढवूही नका. 'कमी सोडियमचं मीठ' मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. ते मुलांसाठी नाही, आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

आणि कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आम्ही ते तास गमावले. तुम्ही गमावू नका.

पालकांसाठी दोन शब्द

कस्तुरबा आजारी असताना गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला तरी सुटेल का? गांधीजींनी त्याच क्षणी स्वतः वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. ही हकिगत त्यांच्या आत्मकथेत आहे. एवढं कठोर आपल्याला करायचं नाही. पण मुलाला 'वेफर्स नको' म्हणायचं आणि आपण फरसाणाची पुडी सोडायची, हे चालत नाही. मुलांची जीभ आपल्या ताटावर घडते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खिमटीत तर वेगळं मीठ घालायची गरजच नसते.

परवा मी माहेरी गेले होते. आप्पा जेवायला बसले. मी सवयीनं मिठाच्या बरणीकडे हात नेला. आप्पांनी डाव्या हातानं ताट झाकलं आणि हसून म्हणाले, "राहू दे, बाई. तुझ्या शाळेतली पोरं रागावतील."

मग काय, पोरांनो, रागावणार ना? तुमच्या घरचा पुडा किती दिवस पुरला, ते मला नक्की कळवा.

तुमच्या,
बाई
तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड